खोकल्याशिवाय ब्रँडी

आमच्या घरात ब्रँडी औषधांच्या कपाटात असायची. कपाट म्हणजे बाथरूमबाहेरच्या भिंतीतला एक खण आणि त्याला लावलेलं आरशाचं दार. आतल्या प्रत्येक बाटलीवर आई पांढरी चिकटपट्टी लावायची आणि त्यावर औषधाचं नाही, दुखण्याचं नाव लिहायची. ‘पोट’, ‘कान’, ‘डोकं’, ‘भाजलं तर’. ब्रँडीवर लिहिलेलं असायचं ‘सर्दी’. कंपनीचं नाव त्या पट्टीखाली झाकलं जायचं आणि त्याबरोबर ब्रँडीची बदनामीही.

व्हिस्कीची गोष्ट वेगळी. ती बाबांच्या लोखंडी कपाटात, स्वेटरांच्या मागे. ती दारू. ती शनिवारी संध्याकाळी ड्रॉइंगरूमचे पडदे ओढल्यावरच बाहेर यायची आणि फक्त पुरुष प्यायचे. पडदे ओढून नेमकं काय लपवायचे कोण जाणे. आमच्या टाउनशिपमध्ये सगळे क्वार्टर सारखे, सगळ्यांचे पडदे एकाच दुकानातल्या एकाच ताग्यातले, आणि शनिवारी कोणाच्या घरी काय चाललंय हे रस्त्यावरच्या कुत्र्यालासुद्धा माहीत असायचं. बायका स्वयंपाकघरात भजी तळायच्या, ताट भरून दारापर्यंत न्यायच्या आणि दारातूनच आत द्यायच्या. उंबरठा नव्हता तिथे, पण असल्यासारख्या थांबायच्या.

ब्रँडी मात्र औषध, आणि औषध सगळ्यांचं. मला ती पहिल्यांदा मिळाली तेव्हा मला बोलताही येत नसावं. चमचाभर, कोमट पाण्यात, मध घालून. फक्त आजारी असलं पाहिजे, एवढीच अट. म्हणून डिसेंबर लागला की आमच्या लाइनीतल्या बायकांना खोकला यायचा. भोपाळची थंडी काही खोटी नाही, पण हा खोकला दिवसभराची कामं आटपल्यावर यायचा आणि दोघीतिघी एकत्र बसल्या की बळावायचा. शेजारच्या काकू मूळच्या वर्ध्याच्या. त्या मागच्या दाराने येऊन म्हणायच्या, “पाह्य ना, छातीत कसं घरघर करून राहिलं.” आई डॉक्टरसारखा चेहरा करून कपाट उघडायची. दोन चमचे काकूंना, एक स्वतःला. तो एक लागण होऊ नये म्हणून.

हे सगळं मी पाहत मोठी झाले. मी घुमी मुलगी. शाळेत इंग्रजी, रस्त्यावर हिंदी आणि घरी मराठी, आणि तिन्ही भाषांत गप्प. पाहुण्यांना वाटायचं, पोरगी सालस आहे. खरं तर मी हिशेब करत असायचे की या घरात कोणाला काय मागता येतं. बाबांना मागावं लागत नाही. आईला मागायचं असेल तर खोकावं लागतं. आपल्याला काय करावं लागेल?

पुढे मी पुण्यात नोकरीला लागले आणि ऑफिसने मला ट्रेनिंगसाठी स्पेनला पाठवलं. ज्या बाईंकडे मला खोली मिळाली होती त्या म्हाताऱ्या होत्या, एकट्या राहायच्या आणि संध्याकाळभर टीव्हीवर कसल्यातरी बक्षिसांचा कार्यक्रम पाहायच्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, मला स्पॅनिश येत नव्हतं, त्यामुळे माझ्यासाठी ते घर आदर्श होतं. एकदा जेवण झाल्यावर त्यांनी कॉफीच्या रिकाम्या ग्लासात तपकिरी काहीतरी ओतलं आणि माझ्यापुढे सरकवलं. मी बाटलीकडे पाहिलं. ब्रँडी.

माझ्या तोंडून निघालं, “आय डोन्ट हॅव अ कोल्ड.”

त्यांना काही कळलं नाही. त्यांनी मान डोलावली आणि आणखी थोडी ओतली.

मला सर्दी नव्हती. खोकला नव्हता. बाहेर तर अंगाला सदरा चिकटेल असा उकाडा होता. निरोगी शरीराने, खुर्चीवर बसून, चमच्याशिवाय मी ब्रँडी प्यायले. आधी जिभेवर मनुकांचं पाणी आलं. मग संत्र्याची वाळलेली साल, आणि तिच्यामागून जुन्या लाकडी पेटीचा वास, जिच्यात आई लग्नातले शालू ठेवते तशा. घशात गेल्यावर जाळलं नाही, शेगडीवर हात धरल्यासारखी ऊब दिली. आणि अगदी शेवटी, खोटं कशाला बोला, थोडी कस्टर्ड पावडर. स्वस्तातली होती ना. पण मला ती कस्टर्ड पावडरही आवडली. इतकी वर्षं चमच्यातून गेली ती ब्रँडी तोंडात थांबतच नसे. नाक दाबून गिळायची, वर मध चाटायचा आणि पांघरुणात शिरायचं. थांबली तर तिच्यात इतकं काही असतं, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

बाईंनी टेबलावर तीन ग्लास एकावर एक रचून मला ती कशी बनते तेही दाखवलं. ओळीओळीने पिंपं रचलेली. सगळ्यात खालच्या ओळीत सगळ्यात जुनी. तिच्यातली थोडीच काढायची आणि जागा वरच्या ओळीतून भरायची. वरची तिच्या वरच्यातून. नवीन माल फक्त सगळ्यात वर. खालचं पिंप कधीच रिकामं करायचं नाही. शेवटचं वाक्य त्यांनी बोट हलवून, ओरडून सांगितलं, जणू मी करणारच होते.

निघायच्या आदल्या दिवशी मी त्याच ब्रँडीची बाटली घेतली. दुकानात ती सगळ्यात खालच्या फळीवर होती, फरशी पुसायच्या पातळ साबणाच्या बाजूला. वरच्या फळ्यांवरच्या लाकडी खोक्यांतल्या बाटल्यांकडे मी पाहिलंही नाही. मला तीच हवी होती आणि का हवी होती तेही मला पक्कं माहीत होतं. बाबा जानेवारीअखेर रिटायर होणार होते. क्वार्टर सोडून कोलार रोडवरच्या फ्लॅटमध्ये जायचं होतं. त्याआधी, त्या ड्रॉइंगरूममध्ये, बाबांनी माझ्यासाठी ग्लास भरावा. मी आजारी नसताना. एवढंच.

डिसेंबरअखेर, सामान बांधायला म्हणून सुटी घेऊन घरी पोचले तेव्हा अर्धं घर खोक्यांत गेलं होतं. मी बॅगेतून बाटली काढून टेबलावर ठेवली. लेबलवर लाल कोट घातलेला एक मिशीवाला होता.

“हे काय गं?” आईने विचारलं.

“ब्रँडी. स्पेनची.”

इथे पुढचं वाक्य बोलायचं होतं. पुण्याहून येताना रेल्वेत मी ते पाठ केलं होतं. ते मी बोलले नाही.

“बरं झालं बाई,” आई म्हणाली. “घरातली संपतच आली होती.” आणि मिशीवाल्याच्या तोंडावर चिकटपट्टी लावून तिने लिहिलं, ‘सर्दी’.

बाबा कारखान्यात ट्रान्सफॉर्मरचं तेल तपासायचे. आयुष्यभर त्यांनी तेलाच्या बाटल्या उजेडासमोर धरून रंग पाहिला, वास घेतला, आत पाणी किती ते काढलं. त्यांनी ही बाटलीही ट्यूबलाइटखाली धरली, चष्मा कपाळावर सरकवला आणि पट्टी जराशी उचलून बारीक अक्षरं वाचली.

“छत्तीस टक्के. आपल्याकडची याहून कडक असते.”

“म्हणजे डोस वाढवावा लागेल,” आई म्हणाली.

बाबांनी बाटली परत दिली आणि माझ्याकडे पाहिलं. काहीतरी विचारतील असं वाटलं. विचारलं नाही. आमच्या घरात घुमेपणा बाबांकडून आला आहे.

पुढचे दिवस मी ती बाटली उतरताना पाहिली. स्पेनची ब्रँडी आली आहे ही बातमी लाइनीच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेली आणि त्या वर्षी खोकल्याची साथच आली. आनंद नगरहून आईची एक मैत्रीण तर दोन बस बदलून खोकायला आली. मी आरशाचं दार उघडून रोज पातळी पाहायचे. आधी ती मिशीच्या वर होती, मग कोटाच्या बटणांपाशी आली, मग पट्ट्याच्या खाली.

एका दुपारी मागच्या अंगणात आले तर काकू खाटेवर उन्हात बसलेल्या. साडी गुडघ्यापर्यंत वर घेतलेली, हाताशी आमची बाटली आणि तळव्यावर ती मनुकांची, संत्र्याच्या सालीची, शालूंच्या पेटीची ब्रँडी. त्या ती गुडघ्याला चोळत होत्या.

माझ्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा काकूंना विरोध निघाला. “काकू, ती प्यायची असते!”

“माहीत आहे मले,” काकू म्हणाल्या. “पण गुडघ्याले काय तोंड आहे का?”

आई पलीकडे मटार सोलत होती. ती म्हणाली, “चोळू दे गं. मुरते छान.”

अंगणभर तो वास पसरला होता. मी आत जाऊन उशीत तोंड घातलं. रडायला नाही, हसायला. पण हसून झाल्यावर आठवलं, आता पातळी मिशीवाल्याच्या बुटांवर आली होती आणि मी अजून ते वाक्य बोलले नव्हते. मला माझ्यासाठी वेगळी लपवून ठेवता आली असती. एकटीने, दार लावून प्यायलाही आली असती. पण मला ब्रँडी हवी होती त्याहून जास्त ती बाबांच्या हातून हवी होती, आणि तशी ती दाराआड मिळत नाही.

संक्रांतीचं हळदीकुंकू हे त्या क्वार्टरमधलं शेवटचं. आईने वाण म्हणून स्टीलचे छोटे चमचे लुटले. बायकांनी ते उलटसुलट करून पाहिले. काकूंनी अनुभवी नजरेने सांगितलं की माप बरोबर आहे. त्या दिवशी ड्रॉइंगरूम बायकांची होती आणि बाबा व शेजारचे काका हुसकावल्यासारखे मागच्या अंगणात बसले होते. बायका गेल्यावर दोघे आत आले. काकू राहिल्याच होत्या. सोफ्यावर टेकल्या आणि खोकल्या.

“हळदीची पूड गेली असंल घशात,” त्या म्हणाल्या.

आईने बाटली आणली. तळाशी दोन बोटं ब्रँडी उरली होती. आईने वाणातला एक नवा चमचा काढला.

काका व्हिस्कीवाले. ब्रँडी म्हणजे त्यांच्या मते बाळंतिणीचं पेय. पण स्पेन म्हटल्यावर ते पुढे सरकले. “सगळी तुम्हीच संपवता का वहिनी? आम्हालाही दाखवा की जरा फॉरेन.”

“तुम्हाला काय झालंय?” आईने विचारलं.

“मला काय व्हायचंय?”

पुरुषांना काही व्हावं लागत नाही हे आईला आठवलं आणि तिने बाटली बाबांकडे दिली. शनिवारचे सोनेरी कडेचे ग्लास खोक्यांत गेले होते, दोनच बाहेर होते. बाबांनी काकांना थोडी ओतली, स्वतःला थोडी. मग सवयीने ग्लास ट्यूबलाइटसमोर धरला, हलवला, काचेवरून ओघळ उतरताना पाहिले आणि वास घेतला. मी तिळगुळाची वाटी घेऊन दारात उभी होते. तिथेच, जिथे आई भज्यांचं ताट घेऊन थांबायची.

“रंग फार गडद,” बाबा म्हणाले. “तेल असतं तर बदलायला सांगितलं असतं.”

“गडद म्हणजे जुनी,” मी म्हणाले. आवाज माझाच होता. “म्हणजे थोडा रंग कॅरमलचाही असतो. पण खरंच थोडी जुनी असते.”

चौघांनी माझ्याकडे पाहिलं. तिळगुळाची वाटी टेबलावर ठेवून मी त्यांना पिंपांच्या ओळी सांगितल्या. खाली जुनी, वर नवी, थोडी काढायची, तेवढीच भरायची, खालचं पिंप रिकामं करायचं नाही. मला वाटतं मी त्या खोलीत एवढं लांब कधीच बोलले नव्हते.

“चूक आहे,” बाबा म्हणाले. “जुन्या तेलात नवं तेल टाकलं की नवंही जुन्यासारखं वागायला लागतं. आम्ही लोकांना हेच तर करू नका म्हणून सांगतो.”

“अहो, तेच तर करायचं असतं,” आई म्हणाली. “नवं जुन्यासारखं वागायला हवं म्हणूनच टाकायचं. विरजण दुसरं काय असतं? मी लग्न होऊन आले तेव्हा अमरावतीहून बरणीत आणलंय. इतकी वर्षं तुम्ही तेच दही खाताय.”

“तेच?” काका ग्लास खाली ठेवत म्हणाले.

“तेच. थोडं काढायचं, थोडं ठेवायचं. भांडं कोरडं केलं की मेलं.”

“वहिनी, रविवारी तुमच्याकडे कढी खाल्ली मी.”

“मग? बाधली का?”

बाबांनी घोट घेतला. लगेच गिळला नाही. हे मी पाहिलं. त्यांनी तो तोंडात थांबू दिला आणि त्यांच्या भुवया किंचित वर गेल्या.

“मनुका,” ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, “आणि मागून काय येतं? कसलंतरी लाकूड.”

“शालूंची पेटी,” मी म्हणाले.

त्यांनी पुन्हा घोट घेतला आणि मान हलवली. “हो. तीच.” मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “तुला कसं माहीत? तू घेतलीस तिथे?”

काकांनी घड्याळाकडे पाहिलं. मला सोडवायला आल्या काकू. “थंडी असंल ना भाऊजी तिथं. घ्याच लागते त्या देशात.”

“सर्दी झाली असेल,” आई म्हणाली. “हिला लगेच होते.”

दोघींनी मला दार उघडून दिलं होतं. लाइनीतल्या सगळ्या बायका वर्षानुवर्षं ज्या दारातून जात-येत होत्या ते. नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. म्हटलं असतं तर सगळे हसले असते आणि मला एक चमचा मिळालाही असता.

“थंडी नव्हती,” मी म्हणाले. “घाम येत होता. मला काही झालं नव्हतं. दिली म्हणून घेतली आणि आवडली म्हणून परत घेतली.” बाबांकडे पाहून पुढचं बोलता येणार नव्हतं, म्हणून मी मिशीवाल्याच्या चिकटपट्टीकडे पाहिलं. “बाटली आणली ती तुमच्याबरोबर प्यायला. औषधाला नाही. मला आत्ता हवी आहे आणि मला आत्ताही काही झालेलं नाही.”

पाठ केलेलं वाक्य याहून चांगलं होतं. ते ऐनवेळी आठवलं नाही.

बाबांनी बाटली ट्यूबलाइटसमोर धरून किती उरली ते पाहिलं. त्यांना वेळ हवा असला की ते काहीही उजेडासमोर धरतात. मला वाटलं, आता झाकण लावतील. लावलं तर मी काय करेन याचा मी विचार केला नव्हता. वाटी उचलून आत जाईन, बहुतेक. कायमची.

“ग्लास आण,” बाबा म्हणाले.

“ग्लास पॅक झालेत.”

“मग कप आण.”

मी वळले.

“दोन आण,” आई म्हणाली. मग कुणी काही विचारायच्या आत तिने नवरा, मुलगी आणि शेजारी यांच्यावरून नजर फिरवली. “मला कुठे काय झालंय?”

“अन् मी काय एकटी खोकतच बसू का?” काकू सोफ्यावरून ओरडल्या. “तीन आण बाई!”

मी तीन चहाचे कप आणले, बशा नसलेले. बाबांनी ओतायला सुरुवात केली ती प्रयोगशाळेत ओतत असतील तशी, कप डोळ्यांच्या पातळीला आणून, वाकून. माझा कप आधी भरला. मी खुर्ची ओढून बसले. काकूंनी पहिला घोट चमच्यासारखा गटकन गिळला. आई म्हणाली, “थांबवा हो जरा तोंडात,” आणि स्वतः डोळे मिटून थांबली. काकूंनी पुन्हा प्रयत्न केला. बराच वेळ त्यांच्या गालात ब्रँडी होती आणि त्यामुळे खोलीत शांतता होती.

“अगं बाई,” त्या शेवटी म्हणाल्या, “आणि ही मी गुडघ्याले चोळली!”

तिळगुळाबरोबर ती फार छान लागते. गूळ विरघळत असतानाच घोट घ्यायचा. कस्टर्ड पावडर निघून जाते आणि तिच्या जागी भाजलेले तीळ येतात. हे त्या स्पेनच्या बाईंनाही माहीत नसणार. बाबांनी तिळगुळाची वाटी माझ्या बाजूला सरकवली. पडदे ओढायचे राहून गेले होते. ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

आईने बाटली कोरडी होऊ दिली नाही. तळाशी चमचाभर ठेवली आणि दुसऱ्या दिवशी तिच्यात नवी आणलेली देशी ब्रँडी ओतली. बाबांनी तेलाच्या तत्त्वाने विरोध केला, तो चालला नाही. ती बाटली तशीच कोलार रोडला आली. अजून तिच्यात भर पडते आणि अजून तिच्यावर ‘सर्दी’ लिहिलेलं आहे. आता तिच्यात स्पेन किती आणि आपलं किती हे बाबाही काढू शकणार नाहीत. मला मात्र प्रत्येक वेळी कुठेतरी मागे ती पेटी लागते, किंवा लागल्यासारखी वाटते.

सुटीवर गेले की संध्याकाळी बाबा औषधांच्या कपाटाचं दार उघडतात. नव्या घरातही ते आरशाचंच आहे. आरशातूनच ते मला विचारतात, “काय गं, काही होतंय का तुला?”

“नाही.”

“मग ये, बस.”